सारिकाच्या बारा सेल

जिथे तोंड उघडायची बंदी असते तिथेच किस्से जास्त साठतात, हा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. आमच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, पंखा लावायचा नाही, खोकला आला तर गिळायचा! मग दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं संध्याकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाहेर पडायचं, आणि पडताना दुप्पट होऊन पडायचं. आता ती खोली राहिली नाही. तिथे परीक्षेचे मोडके बाक रचून ठेवलेत. मीही रिटायर झालो. पण किस्से कुठे रिटायर होतात? कोणी जुना माणूस भेटला की सुरू.

आधी माणसं सांगतो. यवतमाळातलं एक कॉलेज, नाव राहू द्या. गावंडे सर विभागप्रमुख. सारिका त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, उमरखेडकडची. आणि मी मनोहर, लॅब असिस्टंट. माझं मुख्य काम मिठाचं पाणी बनवणं. त्याला सोल्यूशन म्हणतात, पण शेवटी ते मिठाचं पाणीच.

कामही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मेंदूच्या खाली मटाराच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. उंदराची त्याहून कितीतरी बारीक. तिची एकेक सेल, म्हणजे पेशी, आपणहून वीज सोडते. वीज सोडली की हार्मोन बाहेर पडतं, आणि त्यावर अंगाची वाढ, आईचं दूध, बरंच काही चालतं. ही वीज येते मिठांमुळे. सेलच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त. बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम कमी-जास्त केलं की सेलच्या विजेचं काय होतं, हा सारिकाचा प्रश्न.

त्यासाठी केसाहून बारीक टोकाची काचेची नळी सेलला चिकटवायची. चिकटली की त्याला सील म्हणायचं. मग कमी-जास्त कॅल्शियमची पाच सोल्यूशनं एकामागून एक तिच्यावरून वाहू द्यायची. पाचही संपेपर्यंत सील टिकलं तर एक सेल जमा. अशा बारा सेल जमल्या तर थिसिस, नाहीतर नाही. सर म्हणायचे, "बारा म्हणजे बारा. साडेअकरा चालणार नाही!"

*

सारिकाचे वडील एकदा तूरडाळीची पिशवी घेऊन आले. मुलगी एवढी वर्षं उंदरांमध्ये काय करते हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सरांना माणूस आवडला. त्यांनी फळ्यावर सेल काढली, आतलं पोटॅशियम काढलं, बाहेरचं कॅल्शियम काढलं, बाण काढले. तासभर सांगितलं. वडील गुडघ्यावर हात ठेवून मन लावून ऐकत होते.

शेवटी म्हणाले, "म्हंजे सर, मीठ कमी-जास्त झालं का बिघडते. असंच ना?"

"हो, तसंच म्हणा."

"मंग हे त हिच्या मायले बी माहीत हाय!"

सर दोन दिवस प्रोजेक्टची फाइल उलटसुलट करत होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "मनोहर, हेच मी प्रोजेक्टमध्ये चाळीस पानांत लिहिलं होतं रे."

वडिलांच्या डोक्यात मात्र बाराचा आकडा पक्का बसला. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. पिकाचं नाही, पाण्याचं नाही, पहिला प्रश्न एकच. "किती झाल्या?"

*

मशीन नवं आलं तेव्हा त्यात सेलच्या विजेऐवजी भिंतीतल्या वायरिंगचीच घूं घूं ऐकू यायची. स्क्रीनवर नुसत्या लाटा. ट्यूबलाइट बंद केली, फ्रीज बंद केला, वरच्या मजल्यावरची मोटर बंद करवली, लाटा तशाच. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, येतो. तो यायला सात महिने लागणार होते.

मग मी रफिकभाईंना आणलं. बस स्टँडजवळ त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही. सरळ खिडकीबाहेर गेले, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "यहाँ गड्ढा करो." कमरेइतका खड्डा झाला. त्यात तांब्याची पट्टी, वरून कोळसा, वरून खडेमीठ, पुन्हा कोळसा. पट्टीची वायर आणून मशीनभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याला जोडली. घूं घूं बंद!

सर भारावून गेले. रफिकभाई हात धूत म्हणाले, "साहब, आपकी मशीन को भी नमकच होना था."

फक्त एक अट होती. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतायचं, माती सुकली की घूं घूं परत. आणि तेव्हा गावात नळ यायचा तो आठवड्याने, कधी दहा दिवसांनी. कॉलेजच्या टाकीतही खडखडाट. मग मी घरून सायकलवर पाण्याचे डबे भरून न्यायचो. बायको दारात उभी राहून बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"घरी प्याले पाणी नाई, आन तुमी जमिनीले पाजून राह्यले!"

मी सायकलला पाय मारला.

*

आमच्या सरांसारखा नास्तिक माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. उपास नाही, मुहूर्त नाही, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला कुरवाळणार. पण लॅबमध्ये एक गोष्ट ते कडक पाळायचे. सेल चांगली लागली तर तिला चांगली म्हणायचं नाही. म्हटलं की मरते!

स्पीकरवर सेलची टकटक सुरू झाली, स्क्रीनवर सुंदर टोकदार रेषा आल्या की सर तोंड पाडून म्हणायचे, "काही खरं नाही." सारिका म्हणायची, "बेकार हाय." मी म्हणायचो, "टाकून द्या." आणि तिघंही मनातून नाचत असायचो.

एकदा अमरावतीहून एक तरुण प्राध्यापक बघायला आला. सारिकाची सहावी सेल चालू होती, तिसरं सोल्यूशन. पोरगा वाकून स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "वा! किती सुंदर सेल आहे!"

अर्ध्या मिनिटात सील सुटलं.

सर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा दिला, पाणी दिलं, बसपर्यंत सोडायला मला पाठवलं. गेटपाशी बिचारा विचारतो, "काका, माझं काही चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही हो. वैज्ञानिकदृष्ट्या काहीच नाही."

*

आता हा किस्सा ऐकून टपरीवरचे लोक हसतात. हसावं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

कॉलेज तपासायला तीन जणांची कमिटी आली होती. आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, रेकॉर्डिंग चालू आहे, आत येऊ नये. पण प्राचार्य सोबत होते, आणि प्राचार्यांना स्वतःच्याच कॉलेजात दार कोण बंद करणार? ढकललं आणि आत.

आत सारिकाची नववी सेल चालू होती. चार सोल्यूशनं झाली होती, पाचवं वाहत होतं. सारिका मायक्रोस्कोपला डोळे लावून दगडासारखी. सर स्टुलावर डोळे मिटून, स्पीकरवरची टकटक मोजत. मी सोल्यूशनच्या नळीच्या चिमट्यावर बोट ठेवून. आमच्यापैकी कोणी उठलं नाही, कोणी नमस्कार केला नाही, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहुणे दोन मिनिटं उभे राहिले आणि निघून गेले. सेल टिकली! अख्ख्या वर्षातली सर्वात स्वच्छ सेल. त्या दिवशी सरांनी टपरीवर सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले.

महिन्याभराने कमिटीचा अहवाल आला. आमच्या विभागाबद्दल दोनच ओळी होत्या.

"कक्षात तीन कर्मचारी कोणतेही काम न करता बसून असल्याचे आढळले. त्यांपैकी एक झोपलेले होते."

सरांनी नऊ पानांचं उत्तर लिहिलं. सेलचे आलेख जोडले. पलीकडून एका ओळीचं पत्र आलं, "नोंद घेतली." आणि दिवाळीच्या आसपास तिसरं पत्र. यंत्रसामग्री वापरात नसल्यामुळे एकतीस मार्चपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजकडे हलवावी.

सर पत्र वाचून म्हणाले, "आपण हललो असतो तर मशीन हललं नसतं."

*

हा किस्सा मी टपरीवर सांगत नाही. पण इथे सांगायला हवा, आणि थोडा मागे जाऊन सांगायला हवा. सारिकाने पहिली सेल धरली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला आहे.

मे महिना. माझी बायको सुमन दोन दिवसांपासून खात नव्हती, उलट्या होत होत्या. बीपीची गोळी चालू होती, लघवी जास्त होणारी. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी पाजत राहिलो. तांब्यामागून तांब्या, साधं पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली. म्हणे, "दादा, नेरची बस गेली का?" नेर तिचं माहेर. भाऊ जाऊन सहा वर्षं झालेली.

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "सोडियम किती खाली आलंय माहीत आहे? आणि तुम्ही वरून साधं पाणी पाजताय? आणखी पातळ केलं तुम्ही!"

मी मान खाली घालून उभा. एकोणीस वर्षांपैकी तेव्हा सोळा झाली असतील. रोज सोडियमची सोल्यूशनं बनवणारा माणूस! सोडियम पातळ झालं की सेलचं काय होतं हे मी चहावाल्यालाही समजावून सांगितलेलं होतं. आणि घरी माझ्या डोळ्यांसमोर तेच घडत होतं, आणि मी तांब्या भरत होतो.

नऊ दिवस ती तशीच होती. दहाव्या दिवशी डोळे उघडून नीट पाहिलं. मला ओळखलं. मी रडायला लागलो. ती हळूच म्हणाली,

"कॉलेजात मीठ मोजता न हो तुमी. घरी काहून नाई मोजलं?"

आज ती बरी आहे. थोडी हळू चालते, थोडी हळू बोलते.

*

त्याच जूनमध्ये मी पुन्हा कामावर आलो. कॅल्शियमच्या मिठाची जुनी बाटली तळाला आली होती आणि नवी बाटली येऊन पडली होती. मी काय केलं, तर जुन्यातलं उरलेलं नव्यात ओतलं आणि जुनी बाटली धुवून टाकली. घरी साखर, चहापत्ती, डाळ, सगळ्याचं आम्ही असंच करतो. वाया कशाला घालवायचं? कारण म्हणून सांगत नाही. डोकं ठिकाणावर असतं तरीही मी तेच केलं असतं.

लॅबमध्ये हे पाप आहे. पण त्याहून मोठं पाप वेगळंच होतं. जुनं मीठ कोरडं होतं. नव्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की हे मीठ पाणी बांधून येतं. म्हणजे चमचाभर घेतलं तर जवळपास पाव भाग वजन पाण्याचंच. कोरडं असेल तर दहा मिलिलिटरला एक पूर्णांक अकरा ग्रॅम, पाणी बांधलेलं असेल तर एक पूर्णांक सत्तेचाळीस. माझा हात एक पूर्णांक अकरावर बसलेला. मी लेबल वाचलंच नाही. पुढची दोन वर्षं दर सोमवारी मी त्या बाटलीतून एक अकरा मोजत राहिलो.

दोन वर्षांत सारिकाच्या बारा सेल झाल्या. उमरखेडच्या वडिलांनी पेढे पाठवले. सरांनी आकडे आलेखावर मांडले आणि मांडता मांडता थांबले. सुरुवातीच्या सेल कमी कॅल्शियमवर गप्प होत होत्या, शेवटच्या जास्त कॅल्शियमवरच गप्प होत होत्या. एकच उंदराची जात, एकच मशीन, एकच मुलगी. सर म्हणाले, "सारिका, तुझा हात बदललाय." ती म्हणाली, "नाई सर." सर म्हणाले उंदीर बदलले, मग म्हणाले हवामान. पोळ्यापर्यंत हे चाललं. पोरगी वाळून अर्धी झाली.

मी एक दिवस बाटल्यांवरची धूळ पुसत होतो. कॅल्शियमची बाटली हातात आली आणि लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली बसलो.

नुसती नवी बाटली असती तरी निभावलं असतं. सगळ्या आकड्यांत पाव भाग कमी धरून हिशोब दुरुस्त झाला असता. पण वर माझं ओतलेलं जुनं, खाली नवं, मधे किती मिसळलेलं हे कोण सांगणार? कोणत्या सोमवारी कुठलं मीठ चमच्यात आलं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

मी दोघांना बोलावून सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड केलं. सारिका उठली. वही आणली, लाल पेन आणलं, पट्टी आणली. वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "वाचा काका."

"काय वाचू?"

"नंबर वाचा. एक पासून."

मी वाचत गेलो, ती पट्टी लावून लाल रेघ मारत गेली. सेल एक. रेघ. सेल दोन. रेघ. नववीला, कमिटीवाल्या सेलला, तिचा हात जरा थांबला. मी पुढचा नंबर वाचला नाही. तिने रेघ मारली आणि म्हणाली, "हं, वाचा."

रविवारी वडिलांचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. पलीकडचा आवाज ऐकू येत होता, "किती झाल्या?"

"शून्य, बाबा."

"आवं, बारा झाल्या होत्या न?"

"होत्या," ती म्हणाली.

*

त्यानंतर मी वजनकाट्याला हात लावला नाही. कोणी मनाई केली नव्हती. सारिका सकाळी सातला येऊन स्वतः सोल्यूशनं बनवायची आणि मी तिच्या बाटल्या धुवायचो. तिने वहीत एक नवा रकाना आखला, सोल्यूशन कोणी केलं. रोज त्यात स्वतःची सही. मला दिसेल असं काही ठेवलं नव्हतं तिने, पण मला दिसायचं.

रफिकभाई अर्थिंग बघायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातून सुपारी काढून मला दिली. म्हणाले, "मनोहरभाऊ, मोटर जल गई तो फेकते नहीं. नई वाइंडिंग बाँधते."

मला जरा बरं वाटलं. म्हटलं, "बाँधेगा कौन?"

"जिसने जलाई वो तो नहीं!"

*

सात महिन्यांत तिने पुन्हा अकरा सेल केल्या. पहिल्यांदा दोन वर्षं लागली होती! दसरा नाही, दिवाळी नाही, चुलत भावाच्या लग्नाला दारव्ह्याला गेली ती अक्षता टाकून दुपारच्या जीपने परत. सरांनी मशीन ठेवायला मुदत वाढवून मागितली होती, मिळाली नाही.

एकतीस मार्च. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन न्यायला गाडी येणार. सर प्राचार्यांच्या खोलीत, हस्तांतराच्या कागदांवर सह्या करत. खोलीत आम्ही दोघंच. सकाळपासून दोन सेल पाचव्या सोल्यूशनवर येऊन सुटल्या होत्या. दुपारी अडीचला तिसरी लागली. पहिलं सोल्यूशन, दुसरं, तिसरं. सेल टिकून. चौथं सुरू झालं. स्पीकरवर टकटक, टकटक. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

तेवढ्यात सारिकाने डावा हात मागे केला. बोटांत चिठ्ठी. काचेची नळी जराजरा सरकत होती, म्हणून उजवा हात नॉबवर, तिथून उठणं शक्यच नव्हतं. चिठ्ठीवर डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं होतं, "पाचवं संपलं. सकाळच्या दोघींत गेलं. तुम्ही करा."

मी चिठ्ठीखाली लिहिलं, "मी?"

तिने वाचलं. खोलीभर नजर फिरवली, कोण आहे दुसरं, अशी. आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले.

मी पायातल्या चपला काढल्या, आवाज नको म्हणून. शेजारच्या खोलीत गेलो. नवी बाटली. लेबल वाचलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओठ हलवून. काट्यावर कागद ठेवला. आकडे स्थिर होईनात. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि मोजलं. पाण्यात विरघळवलं, पिपेटने थेंब घेतला, मोठ्या बाटलीत टाकला, हलवलं. बारा मिनिटं लागली असतील. परत आलो तर टकटक चालूच होती. माझी वाट बघत होती ती सेल!

नळी जोडली. चिमटा सोडला. पाचवं सोल्यूशन वाहायला लागलं.

कॅल्शियम कमी झालं की टकटक विरळ होत जाते, तशी ती झाली. बरोबर होतं. मग थांबली. हेही बरोबर. आता तीन मिनिटं अशीच शांत राहायला हवी होती, मग पुन्हा नेहमीचं पाणी सोडायचं, टकटक परत आली की बारा पूर्ण. मी घड्याळाकडे बघत होतो. एक मिनिट झालं. दीड झालं.

स्पीकरवर खरखर आली. स्क्रीनवरची रेषा उडी मारून शून्याला गेली आणि तिथेच राहिली. सील सुटलं होतं.

सारिकाने नॉबवरचा हात काढला. हाताकडे बघत बसली.

सील आपणहून सुटतं, हजारदा सुटलेलं मी पाहिलंय. पण कॅल्शियम हवं त्यापेक्षा कमी पडलं तरीही सुटतं. तिथे उभ्या उभ्या मला आठवेना, काट्यावर मी काय पाहिलं होतं. एक सत्तेचाळीस? की एक अकरा? लेबल वाचलेलं आठवत होतं. तीनदा वाचलेलं आठवत होतं. आकडा आठवत नव्हता. हाताला विचारलं तर हात एकोणीस वर्षांचं सांगत होता.

"सारिका," मी म्हणालो, "बाटलीत अर्धं उरलंय. बायोकेमिस्ट्रीत मीटर हाय, कॅल्शियम तपासता येते. दहा मिनिटाचं काम. मी घेऊन जातो."

ती उठली. मोठी बाटली उचलली, मी बनवलेली छोटीही उचलली. बेसिनपाशी गेली आणि दोन्ही उलट्या केल्या. नळ सोडला. त्या दिवशी नळाला पाणी होतं. बाटल्या आतून बाहेरून नीट विसळल्या, पालथ्या घातल्या.

मग वही उघडली. सेल बारा. वेळ लिहिली. त्यापुढे लिहिलं, "सील सुटलं. सोल्यूशन बरोबर होतं."

"पोरी," मी म्हणालो, "तुले कसं माहीत?"

तिने वही माझ्याकडे फिरवली, सोल्यूशन कोणी केलं त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही करा, काका."